फजितीचा सोबती : मास्टर विनायक

विघ्नहर्त्याच्या उत्सवात, विघ्नांकडे पाहून हसायला ज्यांनी मराठी माणसाला शिकवले अशा एका कलावंताची आठवण काढावी, असे यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही ठरवले. मास्टर विनायक हे नाव आपल्या मच्छे आणि बेळगाव परिसरातल्या जुन्या मराठी घरांना परके नाही. वडीलधाऱ्यांनी 'ब्रह्मचारी'चे नाव हमखास ऐकलेले असते. नव्या पिढीला मात्र अभिनेत्री नंदा यांचे वडील, किंवा लता मंगेशकरांना पडत्या काळात आधार देणारे गृहस्थ, अशी ओळख करून द्यावी लागते. या दोन्ही ओळखी खऱ्या आहेत, पण त्या दुसऱ्यांच्या नावावरून आलेल्या आहेत. विनायकरावांची स्वतःची ओळख म्हणजे त्यांचा विनोद. साधा, भिडस्त, चांगल्या मनाचा माणूस काहीतरी बेत करून घराबाहेर पडतो आणि पावलोपावली त्याची फजिती होते, हा त्या विनोदाचा गाभा.

फजितीचा हा प्रकार आपल्याला घरोघरी ठाऊक आहे. मे महिन्याच्या सुट्टीत जोतिबाला किंवा नरसोबाच्या वाडीला जायचे ठरते, पावसाळ्यात आंबोलीचा बेत होतो. आठ दिवस आधीपासून याद्या होतात. निघायच्या दिवशी एकाला ताप येतो, दुसऱ्याची चप्पल सापडत नाही, दशम्यांचा डबा ओट्यावरच राहतो आणि बस डोळ्यांदेखत निघून जाते. त्या दिवशी सगळे एकमेकांवर चिडलेले असतात. वर्षभराने मात्र तीच गोष्ट पाहुण्यांना रंगवून सांगितली जाते आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसतो, ज्याच्यामुळे बस चुकली होती. चिडण्याचे हसण्यात रूपांतर व्हायला आपल्याला वर्ष लागते. चांगला विनोदी चित्रपट ते काम तिथल्या तिथे करून दाखवतो.

जगभरच्या चित्रपटांनी हा विषय फार लवकर ओळखला. १९२९ साली अमेरिकेत लॉरेल आणि हार्डी या जोडगोळीचा 'परफेक्ट डे' नावाचा जेमतेम वीस मिनिटांचा बोलपट निघाला. रविवारी घरची मंडळी मोटारीतून वनभोजनाला निघतात, बरोबर पाय दुखावलेला एक चिडका काका असतो. आधी खाण्याचे ताट सांडते, मग गाडीचे चाक पंक्चर होते, मग शेजाऱ्याशी भांडण जुंपून एकमेकांच्या काचा फुटतात. दर खेपेला सगळे नव्याने निरोप घेतात आणि गाडी काही हलत नाही. शेवटी ती निघते आणि थोड्याच अंतरावर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात मंडळींसकट गडप होते. वनभोजन होतच नाही. गोष्ट एवढीच, पण ती जगातल्या कोणत्याही कुटुंबाला आपली वाटावी अशी आहे.

आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी पौराणिक चित्रपटांच्या जोडीला 'पिठाचे पंजे'सारखी छोटी विनोदी चित्रे काढली होती. मूकपटांच्या काळात विनोद असा मुख्य जेवणाबरोबरच्या चटणीसारखा असे, पानाच्या डाव्या बाजूला आणि थोडासाच. मराठी मध्यमवर्गीय घर, त्यातला कारकून, त्यातली लग्नाची बहीण, त्यातले अर्धवट आदर्श आणि पूर्ण भोळेपणा हे सगळे पानाच्या मधोमध वाढणारे जे मोजके लोक निघाले, त्यांत विनायकरावांचे स्थान फार वरचे आहे.

विनायक दामोदर कर्नाटकी यांचा जन्म १९ जानेवारी १९०६ रोजी कोल्हापुरात झाला. मराठी चित्रपटाच्या पहिल्या फळीतल्या माणसाचे आडनाव कर्नाटकी असावे, ही गोष्ट सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना गंमतीची वाटते. आडनावावरून गाव आणि गावावरून भाषा ठरवण्याची आपल्या लोकांना सवय आहे, पण माणसे त्या हिशेबात बसत नाहीत. विनायकरावांच्या काळात कोल्हापूर हे संस्थान होते आणि बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. कागलवरून निपाणी, निपाणीवरून संकेश्वर आणि पुढे बेळगाव हा साधारण ११० किलोमीटरचा रस्ता नाटक कंपन्या, पैलवान, गवई आणि व्यापारी सहज तुडवत असत. कोल्हापुरात जे घडे त्याची बातमी आणि त्याची चव आपल्या भागाला लागत असे. विनायकरावांचा विनोद म्हणूनच आपल्याकडे बाहेरचा म्हणून आला नाही.

त्यांचे घर म्हणजे चित्रपटवाल्यांचा कारखानाच होता. बाबूराव पेंढारकर आणि भालजी पेंढारकर हे त्यांचे सावत्र भाऊ, वासुदेव कर्नाटकी हे छायालेखक भाऊ, आणि व्ही. शांताराम नात्यातले. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी १९२०च्या आधीच उभी राहिली होती, आणि तिच्यातून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी काढली. अशा घरात वाढूनही विनायकराव थेट चित्रपटात शिरले नाहीत. ते आधी शाळामास्तर झाले. 'मास्टर' ही उपाधी त्यांच्या नावाला चिकटली ती कायमची.

शिक्षकी पेशा त्यांच्या चित्रपटांत पुढेही दिसत राहिला. मास्तराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की मुलाला हसवून शिकवता येते पण त्याला हसून शिकवता येत नाही. वर्गात चुकलेल्या मुलाची सगळ्यांसमोर टर उडवली तर तो पुन्हा हात वर करत नाही. विनायकरावांच्या चित्रपटातला फजीत होणारा माणूस पाहताना आपल्याला त्याची कीव येत नाही आणि तिरस्कारही वाटत नाही. त्याच्या जागी आपण स्वतः उभे आहोत असे वाटते. हसणारा आणि ज्याला हसायचे तो, असे दोन पक्ष तिथे पडत नाहीत.

प्रभातने १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपट काढला, तेव्हा विनायकराव त्यात नट म्हणून होते. त्यानंतर प्रभातच्या आणखी काही चित्रपटांत त्यांनी कामे केली. १९३३ साली प्रभात कंपनी कोल्हापूर सोडून पुण्याला गेली. मागे राहिलेल्या कोल्हापुरात संस्थानाच्या पाठबळावर कोल्हापूर सिनेटोन उभी राहिली, आणि तिथे १९३५ साली विनायकरावांना पहिल्यांदा दिग्दर्शनाची संधी मिळाली. मामा वरेरकरांनी लिहिलेला हा 'विलासी ईश्वर' नंतर लक्षात राहिला तो शोभना समर्थ या अभिनेत्रीचा पहिला चित्रपट म्हणूनही.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९३६ साली, विनायकराव, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक या तिघांनी कोल्हापुरात हंस पिक्चर्स ही स्वतःची कंपनी काढली. तीन मित्रांनी मिळून एखादी गाडी भाड्याने घ्यावी आणि लांबच्या प्रवासाला निघावे, तशी ही सुरुवात होती. तिघांतले दोघे भाऊ, एक पडद्यावरचा पट्टीचा खलनायक, दुसरा हसतमुख नायक, आणि तिसरा कॅमेऱ्यामागे. त्यांनी केलेली सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे त्यांनी चांगले लेखक गाठले. शिरोड्याच्या शाळेत शिकवणाऱ्या वि. स. खांडेकरांना त्यांनी चित्रपटाकडे ओढून आणले आणि 'छाया' हा त्यांचा पहिला चित्रपट झाला. पुढे 'ज्ञानपीठ' मिळवणारा हा लेखक चित्रपटासाठी लिहिता झाला तो एका माजी शाळामास्तराच्या आग्रहामुळे, याची आठवण ठेवायला हवी. दुसरीकडे आचार्य अत्रे आले. १९३७च्या 'धर्मवीर'पासून अत्रे आणि विनायक ही जोडी जमली.

खांडेकर आणि अत्रे हे स्वभावाने दोन टोकांचे. एक हळवा आणि ध्येयवादी, दुसरा धिप्पाड आवाजाचा आणि धबधब्यासारखा. विनायकरावांनी दोघांनाही सांभाळले. एकाच्या कथेवर त्यांनी गंभीर चित्रपट केले, दुसऱ्याच्या कथेवर विनोदी. आज आपल्याला विनोदी तेवढे आठवतात, पण त्यांच्या विनोदात जो ओलावा आहे तो गंभीर कामातून आलेला आहे.

१९३८ साल हंस पिक्चर्सच्या नशिबात ऊन आणि पाऊस एकत्र घेऊन आले. खांडेकरांच्या कथेवरचा 'ज्वाला' हा मोठ्या थाटाचा, भरपूर खर्चाचा चित्रपट त्यांनी काढला. चंद्रमोहन यांच्यासारखा नामवंत नट त्यात होता. तो अपेक्षेप्रमाणे चालला नाही. त्याच वर्षीचा 'ब्रह्मचारी' हा त्या मानाने साधा, घरगुती चित्रपट मात्र लोकांनी डोक्यावर घेतला. मोठा बेत फसला आणि छोटा बेत तडीस गेला. विनायकरावांच्या चित्रपटांतली गोष्ट त्यांच्या कंपनीच्या जमाखर्चातही घडली, असेच म्हणावे लागेल.

'ब्रह्मचारी'ची गोष्ट अत्र्यांची. औदुंबर नावाचा साधा तरुण एका देशभक्ताचे ब्रह्मचर्यावरचे व्याख्यान ऐकतो आणि भारावून जातो. भिंतीवरच्या सिनेमातल्या नट्यांच्या तसबिरी काढून टाकतो, व्यायामाला लागतो आणि थेट एका आश्रमात जाऊन दाखल होतो. तिथे किशोरी नावाची तरुणी त्याच्या व्रताची परीक्षा पाहते आणि व्रत टिकत नाही. औदुंबराचे काम स्वतः विनायकरावांनी केले, आणि किशोरीचे मीनाक्षी शिरोडकर यांनी. पोहण्याच्या पोशाखात त्यांनी म्हटलेल्या गाण्याने त्या काळी महाराष्ट्रभर खळबळ उडाली. वर्तमानपत्रांतून टीका झाली, घराघरांतून कुजबुज झाली आणि थिएटरांतून गर्दी झाली. ते गाणे आज आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना पाठ आहे.

या चित्रपटात थट्टा कोणाची आहे, हे नीट पाहिले पाहिजे. ब्रह्मचर्याची थट्टा करणे सोपे होते, आणि तरुणाच्या मोहाची थट्टा करणे त्याहून सोपे. अत्रे आणि विनायक यांनी थट्टा केली ती उसन्या आदर्शाची. व्याख्यान संपल्यावर टाळ्या वाजवून घरी येणारा आणि दुसऱ्याच दिवशी आयुष्य बदलायला निघणारा माणूस हा त्या काळातल्या प्रत्येक गावात होता. स्वातंत्र्य चळवळीचा तो काळ. आदर्शांना तोटा नव्हता आणि ढोंगालाही नव्हता. औदुंबर ढोंगी नाही. त्याचा उत्साह खरा आहे, फक्त तो त्याच्या मापाचा नाही. दादाचा शर्ट घालून शाळेत गेलेल्या धाकट्यासारखी त्याची अवस्था होते. आपण हसतो ते त्या लोंबणाऱ्या बाह्यांना.

१९३९ साली आला 'ब्रँडीची बाटली'. यात तर घराबाहेर पडणे हीच कथा आहे. बगाराम हा नगरपालिकेतला भोळा, निर्व्यसनी कारकून. ज्या मुलीवर त्याचा जीव जडलेला आहे तिचा भाऊ आजारी पडतो आणि औषध म्हणून ब्रँडीची गरज लागते. ज्याने आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही अशा माणसाला ती बाटली मिळवून आणायची आहे. हेतू अगदी पवित्र आणि वस्तू अगदी अडचणीची. ज्या वर्षी हा चित्रपट आला त्याच वर्षी, १ ऑगस्ट १९३९ रोजी, बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली. म्हणजे घरोघरी जो वाद चालला होता तोच विषय पडद्यावर आला. व्यासपीठावर एकाने दारूबंदीच्या बाजूने आणि दुसऱ्याने विरुद्ध बोलून जे साधले नसते, ते एका भोळ्या कारकुनाला बाटलीच्या शोधात पाठवून साधले. दारूचे व्यसन, दारूबंदीचा सोवळेपणा आणि मध्ये सापडलेला सज्जन माणूस हे तिन्ही लोकांना दिसले, आणि कोणाला भाषण ऐकल्यासारखे वाटले नाही.

अशा चित्रपटांना दोनचार माणसे फार जुळून यावी लागतात. विनायकरावांना दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांच्यासारखे नट लाभले. दामूअण्णांच्या नुसत्या चेहऱ्यावर थिएटर हसत असे. दादा चांदेकर यांच्यासारखा संगीतकार होता, पांडुरंग नाईक यांचा कॅमेरा होता. आणि या सगळ्यांना आपापल्या जागी मोकळे सोडणारा दिग्दर्शक होता. स्वतः नायक असूनही दुसऱ्याला हशा मिळू देणे हे नटाला सोपे नसते. विनायकरावांना ते जमले.

याच सुमाराला हंस पिक्चर्सचा प्रवास संपत आला. पैशाचे गणित जुळेना. १९४०च्या आसपास ही मंडळी पुण्याच्या नवयुग चित्रपट या मोठ्या भांडवलाच्या कंपनीत दाखल झाली. नवयुगसाठी विनायकरावांनी १९४० साली 'लग्न पहावे करून' केला. कथा चिं. वि. जोशी यांची. बडोद्यात पाली भाषा शिकवणारे आणि संस्थानाचे दप्तर सांभाळणारे हे प्राध्यापक चिमणराव आणि गुंड्याभाऊ या जोडीचे जनक. योगायोग असा की चिं. वि. जोशी यांचा जन्मदिवसही १९ जानेवारीच, फक्त साल १८९२. एकाच तारखेला जन्मलेल्या दोन मास्तरांनी मिळून मराठी माणसाला हसवले.

दामूअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. बहीण चिमीचे लग्न जमवायचे, एवढाच चिमणरावांचा बेत. स्थळे पाहायची, पत्रिका जुळवायच्या, हुंड्याची बोलणी करायची, आणि प्रत्येक ठिकाणाहून हात हलवत परत यायचे. ज्यांच्या घरात त्या काळी मुलींची लग्ने झाली त्यांना यात हसण्याबरोबर डोळे पुसावे असेही बरेच सापडले असणार. मुलीच्या बापाची किंवा भावाची वणवण हा तेव्हा दर घरचा प्रश्न होता. विनायकरावांनी तो सोडवल्याचा आव आणला नाही. आपण एकटेच फजीत होत नाही, गावोगावचे सगळेच चिमणराव असेच फिरत आहेत, एवढा दिलासा मात्र दिला. पुढे १९४२ साली चिं. वि. जोशींच्याच लेखणीवर आधारलेला 'सरकारी पाहुणे'ही त्यांनी केला. हीच जोडी मग १९७०च्या दशकात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने पुन्हा घरोघरी पोहोचली. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे चिमणराव म्हटल्यावर प्रभावळकर उभे राहतात. त्यांच्या आधीच्या पिढीला दामूअण्णा दिसत.

नवयुगमध्येही विनायकराव फार काळ रमले नाहीत. मोठ्या कंपनीत भागीदार पुष्कळ आणि मते त्याहून पुष्कळ. ते बाहेर पडले आणि कोल्हापुरात त्यांनी प्रफुल्ल पिक्चर्स काढली. कोल्हापूर, पुणे, परत कोल्हापूर, आणि शेवटी मुंबई असा त्यांचा प्रवास. दर मुक्कामाला नवे बिऱ्हाड, नवे कर्ज आणि नव्या आशा.

१९४२च्या एप्रिल महिन्यात मास्टर दीनानाथ मंगेशकर पुण्यात वारले. घरात पाच मुले, थोरली लता अवघ्या बारा वर्षांची. मंगेशकर कुटुंबाशी जुना स्नेह असलेले विनायकराव त्या वेळी पुढे आले. त्याच वर्षीच्या नवयुगच्या 'पहिली मंगळागौर'मध्ये लताला काम मिळाले. नंतर प्रफुल्ल पिक्चर्समध्ये तिला महिन्याच्या पगारावर ठेवून घेतले गेले. १९४३च्या 'माझं बाळ'मध्ये मंगेशकर भावंडांनी कामे केली. १९४५ साली कंपनी मुंबईला गेली तेव्हा हे कुटुंबही मुंबईला गेले, आणि तिथे लतादीदींचे अमानअली खाँ भेंडीबाजारवाले यांच्याकडे शास्त्रोक्त शिक्षण सुरू झाले. त्याच वर्षीच्या 'बडी माँ' या हिंदी चित्रपटात नूरजहाँ नायिका होत्या आणि लता मंगेशकर छोट्या भूमिकेत होत्या. त्या वेळी एक नामवंत गायिका होती आणि दुसरी पोटासाठी मिळेल ते काम करणारी मुलगी. पुढे काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे.

हे सांगण्याचे कारण असे की विनायकरावांची स्वतःची आर्थिक स्थिती त्या वेळी भक्कम नव्हती. महायुद्धाचा काळ, कच्ची फिल्म नियंत्रणाखाली, कंपनी नवी. अशा वेळी दुसऱ्याच्या घराची चूल पेटती ठेवण्याची जबाबदारी घेणे म्हणजे स्वतःच्या भरलेल्या गाडीत आणखी सहा माणसांना जागा करून देणे होय. चित्रपटातला भोळा नायक जे करील, तेच त्यांनी केले. पडद्यावरची माणुसकी आणि पडद्याबाहेरची माणुसकी यांत त्यांच्या बाबतीत अंतर दिसत नाही. आम्हाला त्यांचे चरित्र लिहावेसे वाटले ते विशेषतः यासाठी.

मुंबईत १९४६ साली त्यांचे 'सुभद्रा' आणि 'जीवनयात्रा' हे चित्रपट आले. आता गाडी रुळावर येणार असे वाटत असतानाच प्रकृतीने दगा दिला. 'मंदिर' या चित्रपटाचे काम चालू होते. त्यात त्यांची लहानगी मुलगी नंदा हिलाही भूमिका होती. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. मुंबईत दिव्यांची रोषणाई झाली, रस्ते माणसांनी फुलून गेले. त्यानंतर चौथ्या दिवशी, १९ ऑगस्ट १९४७ रोजी, मास्टर विनायक यांचे निधन झाले. वय अवघे ४१. ज्या देशभक्तीचा खरेपणा आणि खोटेपणा त्यांनी औदुंबराच्या गोष्टीतून हसत हसत दाखवला, ती फळाला आलेली त्यांनी जेमतेम पाहिली.

'मंदिर' दिनकर पाटील यांनी पूर्ण केला आणि तो १९४८ साली पडद्यावर आला. वडील गेले तेव्हा नंदा आठ वर्षांची होती. ज्या वयात मुलींनी सागरगोटे खेळायचे त्या वयात तिने 'बेबी नंदा' म्हणून कॅमेऱ्यापुढे उभे राहून घर चालवायला हातभार लावला. पुढे १९५६ साली शांतारामबापूंनी 'तूफान और दिया'मध्ये तिला मोठी भूमिका दिली आणि ती हिंदी पडद्यावरची आघाडीची नायिका झाली. दुसऱ्यांच्या लेकरांना जगवणाऱ्या बापाच्या स्वतःच्या लेकराला इतक्या लहान वयात कष्ट उपसावे लागले, ही या हसऱ्या चरित्राची दुखरी बाजू आहे. ती लपवून चालणार नाही. चित्रपटाच्या धंद्यात विनोदी नटाला हशा रोख मिळतो, पण पैसा बहुधा उधारीवर राहतो.

विनायकराव गेले त्यानंतर नकाशे बदलले. संस्थाने विलीन झाली, १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, आणि कोल्हापूर व बेळगाव यांच्या मधल्या रस्त्यावर निपाणीच्या अलीकडे राज्याची सीमा आली. आपल्या मच्छेचेही रूप पालटले. खानापूर रस्त्यावरच्या या शेतीच्या गावाभोवती औद्योगिक वसाहत आली, विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ आले, बाहेरगावची माणसे आली. आपली मुले शाळेत कन्नड आणि इंग्रजी शिकतात, गल्लीत तिन्ही भाषा मिसळून बोलतात, आणि त्यात वावगे काही नाही. प्रश्न इतकाच, की घरात हसताना ती कोणत्या भाषेत हसतात? रागावायला आणि हिशेब करायला माणूस कोणतीही भाषा वापरतो. हसायला मात्र ज्या भाषेत आजीने गोष्ट सांगितली तीच लागते. मराठी टिकावी म्हणून आपण सभा घेतो, ठराव करतो. ते आवश्यकच आहे. पण एखादा जुना विनोदी चित्रपट तीन पिढ्यांनी एका खोलीत बसून पाहिला, आणि आजोबांनी मध्येच थांबवून एखाद्या शब्दाचा अर्थ नातवाला समजावला, तर त्या दीड-दोन तासांत भाषेचे काम ठरावापेक्षा कमी होत नाही.

उत्सवाच्या दहा दिवसांत आपल्या मंडपात भजन होते, मुलांचे कार्यक्रम होतात, एखादे नाटक होते. त्यातली एक संध्याकाळ 'ब्रह्मचारी'ला द्यावी, अशी सूचना आम्ही या निमित्ताने कार्यकारी मंडळाकडे ठेवत आहोत. चित्र काळे-पांढरे आहे, आवाज जुना आहे, आणि सुरुवातीची दहा मिनिटे मुले चुळबुळ करतील. मग औदुंबर व्यायामाला लागेल आणि चुळबुळ थांबेल, असा आमचा अंदाज आहे. कारण व्याख्यान ऐकून दुसऱ्या दिवशी पहाटे पाचचा गजर लावणारा आणि तिसऱ्या दिवशी तो बंद करून झोपणारा औदुंबर प्रत्येक घरात अजूनही नांदतो आहे.

विनायकरावांना उणेपुरे ४१ वर्षांचे आयुष्य मिळाले, त्यातली दिग्दर्शनाची वर्षे जेमतेम बारा. एवढ्या काळात चार कंपन्या, तीन गावे, कित्येक चित्रपट, आणि आपल्या घराबरोबर दुसऱ्याच्या घराचाही भार. त्यांचे बेत वारंवार फसले आणि दर वेळी ते नवा बेत घेऊन पुन्हा बाहेर पडले. त्यांनी पडद्यावर उभा केलेला साधा माणूसही तसाच. तो पडतो, कपडे झटकतो आणि पुढच्या गावाला निघतो. गणरायाला विघ्नहर्ता म्हणताना विघ्ने येणारच नाहीत असे आपण मागत नाही. ती आली तर निभावून न्यायचे बळ मागतो. त्या बळात थोडे हसूही असावे, याची आठवण करून देणाऱ्या या मास्तरांना आमच्या मंडळाचे विनम्र अभिवादन.